अण्णांना कुवेतला न्यायचं, पण कधी?

पत्र थोडक्यात असं:

"डॉक्टर, मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातला. आठ वर्षांपासून कुवेतमध्ये, फहाहीलला नोकरीला आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बायकोची बाळंतपणाची तारीख आहे. सासूबाईंना येणं शक्य नाही, म्हणून मे महिन्यात आई-वडिलांना बोलवायचं ठरवलंय. काळजी वडिलांची आहे. अण्णा ६८ वर्षांचे. तीस वर्षं बिडी ओढली, पाच वर्षांपूर्वी सोडली. तीन वर्षांपूर्वी सीओपीडीचं (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं) निदान झालं, दोन पंप (इनहेलर) चालू आहेत. मागच्या जानेवारीत धाप वाढली म्हणून पाच दिवस ॲडमिट होते. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ९३ टक्के असतो. बायको म्हणते, मे-जूनमध्ये इथं धुळीची वादळं होतात, अण्णांना झेपणार नाही. मित्र म्हणतात, चोवीस तास एसीत तर राहणार, गावात उसाचं पाचट पेटवतात आणि चुलीचा धूर असतो, त्यापेक्षा इथंच बरं. अण्णा म्हणतात, 'माझा जन्म मातीत गेला, मला धुळीचं काय सांगतोस!' आई एकटी यायला तयार आहे, पण मग अण्णा घरी एकटे पडतील. बहीण मिरजेला असते, पण लेकीच्या घरी जाऊन राहायला ते तयार होत नाहीत. काय करावं?"

— एक मुलगा, कुवेत

तुमच्या बायकोचं म्हणणं बरोबर आहे. मे-जूनमध्ये अण्णांना नेऊ नका. आईंना बोलवा. अण्णांना नोव्हेंबरच्या मध्यानंतर न्या आणि तोवर मिरजेला ठेवा. हे अंदाजानं सांगत नाही, त्यामागचा हिशेब पुढे मांडतो.

आधी अण्णांच्या बोलण्याविषयी. "मातीत जन्म गेला" हे वाक्य शेतकरी पेशंटकडून मी नेहमी ऐकतो आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नांगरट करताना, ढेकळं फोडताना उडणारी माती बरीचशी जाड असते. ती नाकात, घशात अडकते, शिंकेतून आणि कफातून बाहेर पडते. थोड्या वेळात खाली बसते, माणूस हातपाय धुऊन घरी येतो. पण वाळवंटी वादळातली धूळ वेगळी. उन्हाळ्यात वायव्येकडून येणारा 'शमाल' वारा इराकच्या सुकलेल्या दलदली आणि मैदानं खरवडत शेकडो किलोमीटर येतो. जाड कण वाटेत पडत जातात, बारीक तेवढे पुढे येतात. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वादळात १० मायक्रॉनहून लहान कण प्रचंड असतात, आणि अडीच मायक्रॉनहून लहान कण तर श्वासनळ्यांच्या पार शेवटच्या टोकापर्यंत, जिथे ऑक्सिजन रक्तात शिरतो त्या वायुकोशांपर्यंत जातात. वारा पडला, आकाश नुसतं पिवळट दिसतंय, तेव्हा लोक खिडक्या उघडतात. पण त्या वेळी हवेत उरलेली असते ती हीच बारीक धूळ, आणि ती दिवस-दोन दिवस तशीच तरंगत राहते.

दुसरी गोष्ट अण्णांच्या छातीची. निरोगी श्वासनळीला आतून बारीक लवदार अस्तर असतं. ते सतत हलून कफ आणि त्याला चिकटलेली धूळ वर ढकलत राहतं. तीस वर्षांच्या बिडीनं ते अस्तर जळलेलं आहे. मातीला तोंड देणारी छाती होती ती तरुण अण्णांची. आज आत गेलेली धूळ आतच राहते, नळ्या सुजतात, आकसतात, कफ वाढतो. सीओपीडीत खरी अडचण श्वास सोडण्याची असते. लोहाराच्या भात्यातली हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत भाता पुन्हा ओढत राहिलं तर जे होईल, तेच छातीत होतं: जुनी हवा साचत जाते, नवीन हवेला जागाच उरत नाही. पेशंट म्हणतो "श्वास आत जात नाही", आणि ते अक्षरशः खरं असतं.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० मायक्रॉनच्या कणांचं (पीएम १०) चोवीस तासांचं प्रमाण एका घनमीटर हवेत ४५ मायक्रोग्रॅमच्या आत हवं. भारताचं मानक त्याहून ढिलं आहे, १००. मोठ्या वाळवंटी वादळात हाच आकडा हजाराच्या वर जातो. कुवेतमधल्याच रुग्णालयांच्या १९९६ ते २००० या पाच वर्षांच्या नोंदींचा अभ्यास झालेला आहे. त्यात जवळजवळ एक-तृतीयांश दिवस धुळीचे होते, आणि त्या दिवशी दम्यासाठी ॲडमिट होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळलं. ७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यात एखादी साधी धुळकट दुपार आणि २५ मार्च २०११ ला कुवेतवर चाल करून आलेली ती धुळीची प्रचंड भिंत, दोन्ही एकाच हिशेबात धरलेली असतात. मोठं वादळ काय करतं ते मे २०२२ मध्ये दिसलं. ५ मेच्या वादळात शेजारच्या इराकमध्ये पाच हजारांहून जास्त माणसं श्वासाच्या त्रासानं दवाखान्यात गेली. त्याच महिन्यात कुवेतच्या विमानतळावरची उड्डाणंही थांबवावी लागली होती. तुम्ही तेव्हा तिथंच होता, तुम्हाला आठवत असेल.

मित्रांचा एसीचा मुद्दाही नीट तपासू. घरातला स्प्लिट एसी बाहेरची स्वच्छ हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, आणि त्याची जाळी जाड धूळ तेवढी अडवते. सरकत्या खिडक्यांच्या फटींतून बारीक धूळ आत येतेच. वादळानंतरच्या सकाळी खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवून बघा. बोटाला जी पिवळसर भुकटी लागते तीच रात्रभर श्वासातून गेलेली असते.

पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती दोन महिने कोंडून बसण्याची. अण्णा आज हळूहळू का होईना, मळ्यापर्यंत जात असतील. ते चालणं हे त्यांचं औषध आहे, आणि कुठल्याही पंपाइतकंच मोलाचं. सीओपीडीचा पेशंट बसून राहिला की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झडतात. मग तेवढंच चालायला जास्त ऑक्सिजन लागतो, धाप लवकर लागते, म्हणून माणूस आणखी बसून राहतो. जून-जुलैत कुवेतमध्ये पारा पन्नाशीला टेकतो. तिथल्याच मित्रिबाह इथे २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश नोंदले गेले आहेत. अशात अडुसष्ट वर्षांच्या माणसाला बाहेर चालायला नेणार कधी? एसीतले दोन महिने त्यांना धुळीपासून थोडंफार वाचवतील, पण परत जाताना त्यांच्या पायांत आजच्याइतकं बळ राहणार नाही.

आता गावाकडची हवा. मित्र पाचटाचं म्हणतात ते खोटं नाही, पण ते महिना विसरतात. ऊसतोडीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. त्या काळात फड पेटतात, गुऱ्हाळं चालू असतात, पहाटे शेकोट्या असतात, आणि थंडीमुळे धूर जमिनीलगत साचून राहतो. अण्णा जानेवारीत ॲडमिट झाले हा मला योगायोग वाटत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चित्र उलटतं. महाराष्ट्रातली वर्षातली सर्वांत स्वच्छ हवा पावसाळ्यात असते, कारण पाऊस धूळ-धूर दोन्ही खाली बसवतो. म्हणजे तुम्ही त्यांना इथली सगळ्यांत चांगली हवा सोडायला लावून तिथल्या सगळ्यांत वाईट हवेत बोलावत होता. महिने उलटे केले तर दोन्हीकडचं चांगलं मिळतं: पावसाळा इथे, हिवाळा तिथे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कुवेतमध्ये धुळीचे दिवस बरेच कमी होतात आणि संध्याकाळी समुद्राकाठी चालता येतं. फहाहीलच्या आसपास तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, वाहनं आहेत, तेव्हा ती हवा स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. वर्षभराची सरासरी पाहिली तर कुवेतची हवा आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या अनेक पट वाईट आहे. पण अण्णांसाठी फड पेटण्याच्या दिवसांत गावात राहण्यापेक्षा ती परवडेल.

हा सगळा हिशेब मी एवढ्यासाठी करतोय, की सीओपीडीत प्रत्येक मोठा झटका काहीतरी कायमचं घेऊन जातो. न्यूमोनियातून माणूस बरा होऊन पूर्ववत होऊ शकतो. सीओपीडीच्या झटक्यानंतर फुप्फुसाची ताकद बऱ्याचदा आधीच्या पातळीला परत येत नाही, आणि एक झटका येऊन गेला की पुढचा येण्याची शक्यता वाढते. अण्णांचा एक झालेला आहे. दुसरा परक्या मुलुखात, भाषा न कळणाऱ्या वॉर्डात, सून बाळंतीण असताना येऊ द्यायचा नाही.

मिरजेला जायला ते तयार नाहीत असं तुम्ही लिहिलंत. इथे तुम्ही हट्ट धरा. एकट्या राहणाऱ्या सीओपीडीच्या पेशंटला रात्री दोनला धाप लागली तर १०८ ला फोन करायलासुद्धा श्वास पुरत नाही. ताईंनी "तुमची काळजी घ्यायला या" म्हणून बोलावू नये. तिची मुलं असतील, घरातलं एखादं काम असेल, त्याचं निमित्त करून हक्कानं बोलवावं. लेकीच्या घरी राहणं त्या पिढीला जड जातं, पण लेकीचं काम करायला जाणं जड जात नाही. मिरजेत छातीचे डॉक्टर जवळ मिळतील ही आणखी एक सोय. ताईकडे डासांची कॉइल किंवा धूप लावत असतील तर ते बंद करायला सांगा. पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, बुरशी येते, त्या खोलीत त्यांना झोपवू नका.

तोवर तुम्ही कुवेतमध्ये बसून करू शकाल अशी एक गोष्ट आज संध्याकाळीच करा. अण्णांना व्हिडिओ कॉलवर पंप घेऊन दाखवायला सांगा. "घेता का?" असं विचारू नका, "घेऊन दाखवा" म्हणा. माझ्यासमोर वर्षानुवर्षं पंप वापरणारी माणसं तो तोंडात धरून दाबतात, आणि ओठांच्या कडेनं, नाकातून पांढरा फवारा बाहेर येतो. म्हणजे औषध हवेत गेलं, छातीत नाही. दाबायचा पंप असेल तर आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत ओढता ओढता दाबायचा आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. त्याला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावला तर काम निम्म्यानं सोपं होतं. कॅप्सूल टाकून ओढायचा असेल तर उलट, जोरात आणि झटकन ओढायचा. नंतर कॅप्सूल उघडून बघायची, आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. लोक या दोन्हींची गल्लत करतात. आणि दोन पंपांपैकी रोजचा कुठला आणि धाप लागल्यावर घ्यायचा कुठला, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. बरं वाटतंय म्हणून रोजचा बंद आणि त्रास झाला की दुसरा दहा वेळा, हा प्रकार फार चालतो. पंपाची सवय लागते या भीतीत काही अर्थ नाही. रोजच्या पंपात स्टेरॉईड असेल तर घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

पत्रात चुलीचा उल्लेख आहे. स्वयंपाक गॅसवर होत असेल, पण अंघोळीच्या पाण्याची चूल किंवा बंब अजून चालू असेल असा माझा अंदाज आहे. आणि पहाटे उठून त्यात जळण सारायचं काम बहुतेक घरांत म्हाताऱ्यांकडेच असतं. बिडी सुटली पण हा धूर सुटला नाही, असे कितीतरी पेशंट मी पाहतो. एक गीझर किंवा सोलर बसवून द्या. विमानाच्या तिकिटाआधी त्यावर खर्च करा.

ऑक्सिजन ९३ हा आकडा या आजारात घाबरण्याचा नाही. बाहेरदेशी राहणारी मुलं काळजीपोटी ऑक्सिजनचं मशीन घेऊन पाठवतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तसं करू नका. सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. झटक्यातसुद्धा आम्ही साधारण ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतो, ९९ च्या मागे लागत नाही. फ्लूची लस पावसाळ्याआधी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी घ्या.

धोक्याची लक्षणं ताई, आई आणि तुम्ही तिघांनीही पाठ करा. कफ वाढणं, त्याचा रंग पिवळा-हिरवा होणं, नेहमीपेक्षा जास्त धाप: त्याच दिवशी डॉक्टर. एक वाक्य एका दमात पुरं न होणं, ओठ निळसर पडणं, असंबद्ध बोलणं किंवा पेंग येणं, धापेचा पंप घेऊनही उतार न पडणं: लगेच १०८, कुवेतमध्ये ११२. धुळीनंतरचा त्रास त्याच दिवशी होतो असं नाही, तो दोन-तीन दिवसांनीही डोकं वर काढतो. आणि धूळ आपल्याकडे येतच नाही असं समजू नका. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूनं उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यापर्यंत आली होती, गाड्यांवर पांढरा थर बसला होता.

आता तुमच्या घरासाठी. बाळही तिथंच असणार आहे आणि तान्ह्याला मास्क लावता येत नाही. बाळाच्या खोलीसाठी हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणारा) एअर प्युरिफायर घ्या, खोलीच्या मापाचा. ओझोन सोडणारं यंत्र मात्र घेऊ नका, ओझोन फुप्फुसाला त्रासच देतो. वादळात दारा-खिडक्यांच्या फटींना ओला टॉवेल लावा, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. गाडीत हवा आतल्या आत फिरण्याचं बटण दाबा.

आणि आईंशी एका विषयावर बोलून घ्या: शेक-शेगडी आणि ओवा-शेपा, वावडिंगाची धुरी. आईंच्या मनात ती नक्की असणार, आणि मायेपोटीच असणार. पण बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये निखाऱ्यावरची धुरी म्हणजे बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांत थेट धूर, शिवाय निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. तेल-मालीश, कोमट पाणी, डिंकाचे लाडू, सगळं करू द्या. धुरी आणि शेगडी नको.

नोव्हेंबरच्या प्रवासासाठी: विमानात आतला दाब २,४०० मीटरपर्यंतच्या उंचीवर असतो तेवढा खाली येतो. महाबळेश्वरपेक्षाही हजारेक मीटर वर. जमिनीवर ९३ असलेला ऑक्सिजन तिथे आणखी घसरतो, म्हणून छातीच्या डॉक्टरांकडून प्रवासाला योग्य असल्याचं लेखी घ्या. विमानात ऑक्सिजन लागणार असेल तर कंपनीला आधी कळवून फॉर्म भरावा लागतो, घरचा सिलिंडर नेता येत नाही. पंप हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. सोबत इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, औषधांच्या मूळ नावांसह. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चुकूनही बॅगेत टाकू देऊ नका, आखाती देशांत त्यावर कडक निर्बंध आहेत आणि साध्या म्हाताऱ्या माणसाला विमानतळावर अडकवून ठेवतात. विम्यात आधीपासूनचा आजार धरलाय की नाही, ते लेखी विचारा. तिथे आल्यावर मोबाईलवरचं ॲप बघताना नुसता एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) पाहू नका, प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी असते. पीएम १० आणि पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम बघा. धुळीच्या दिवशी बाहेर जावंच लागलं तर एन ९५ मास्क, नाकाशी आणि गालांशी घट्ट बसणारा. उपरणं तोंडाला गुंडाळून जाड धूळ अडते, बारीक नाही. मास्कनं धाप वाढत असेल तर तो काढा आणि बाहेरचं जाणंच रद्द करा.

अण्णांना हे कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तिथेच घोडं अडेल असं मला वाटतं. "तुम्ही आजारी आहात, येऊ नका" असं सांगितलंत तर ते हट्टानं येतील. बारसं व्हिडिओवर दाखवा, आणि उष्टावणाचं आमंत्रण आत्ताच द्या. बाळ जूनमध्ये झालं तर उष्टावण नोव्हेंबर-डिसेंबरात येतं, त्या वेळी हवाही बरी आणि बाळ ओळखून हसायला लागलेलं असतं. तोवर रोज चालायचं, रोजचा पंप चुकवायचा नाही, एवढं कबूल करून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे सहा मिनिटं चालण्याची चाचणी आणि फुंकरीची तपासणी करून घ्या, चालताना ऑक्सिजन किती उतरतो ते बघा, आणि मगच तिकीट काढा.